साचा आपल्या हातात हवा

(सभासद मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. कॉमर्सचे पदवीधर, संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण छापील फॉर्मशी आमचा रोजचा संबंध. म्हणून संकेतस्थळाच्या साच्याविषयी, म्हणजे टेम्प्लेटविषयी, आम्ही आमच्याच भाषेत बोलणार आहोत.

पैसे भरण्याची स्लिप डोळ्यांपुढे आणा. बँकेचे नाव, रकाने, सहीची जागा हे आधीच छापलेले असते. खातेदार फक्त खाते क्रमांक आणि रक्कम भरतो. साचा म्हणजे ही कोरी स्लिप. मंडळाचे नाव, बोधचिन्ह, विभागांची यादी, तळाचा पत्ता त्यात एकदाच लिहिलेला असतो आणि मधे मजकुरासाठी जागा सोडलेली असते. पाने पन्नास असली तरी साचा एक. पत्ता एका ठिकाणी बदलला की पन्नास पानांवर बदलतो. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही टेम्प्लेटला ‘साचा’ असेच म्हणतात.

पण फॉर्मच चुकीचा छापला असेल, तर भरणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी काम अडते. आपले राजकारण इथेच सुरू होते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही आपण इंदूरकर हिंदी राज्यातले भाषिक अल्पसंख्यच राहिलो. घटनेचे २९ वे कलम भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क देते. त्याच १९५६ साली ३५० ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. हे सारे आनंदाचे आहे. पण आपली अडचण वेगळी आहे. बेळगावात मराठी पाटी आणि कानडी पाटी लांबूनही वेगळ्या ओळखू येतात. इथे आपली आणि शेजाऱ्याची लिपी एकच. त्यामुळे आपली मराठी न सांगता हिंदीत जमा होते. जनगणनेत मातृभाषेचा रकाना आपण स्वतः नीट सांगून भरून घेतो, तो याचसाठी. संकेतस्थळालाही असा रकाना आहे.

साच्याच्या अगदी वरच्या भागात ‘लँग’ नावाची नोंद असते. तिथे रोमन अक्षरांत इंग्रजीसाठी ‘ई-एन’, हिंदीसाठी ‘एच-आय’ आणि मराठीसाठी ‘एम-आर’ लिहितात. तयार साचे बहुधा इंग्रजीसाठी केलेले असतात, आणि ही नोंद तशीच राहून जाते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणारी प्रणाली ही नोंद पाहून आवाज निवडते. हिंदी आवाज लागला की आपल्या ‘चाका’तला ‘च’ हिंदी वळणाने येतो. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे तेही या नोंदीवर ठरते. दोन अक्षरांची दुरुस्ती, पण सगळ्या पानांची भाषा त्यावर ठरते. वर्डप्रेसवरील संकेतस्थळात तर सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडली की काम होते.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या मांडणीची. रोमन मथळ्यांत अक्षरे सुटी सुटी ठेवण्याची सूचना साच्यात असते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. ती काढून टाका. ओळींमधले अंतरही वाढवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात.

साच्याला हात लावताना बँकेची शिस्त पाळावी. आधी मूळ फाइलची तारीख घालून प्रत काढावी. एका वेळी एकच बदल करावा आणि पान संगणकावर व मोबाइलवर पाहावे. महिरपी कंसातल्या खुणांना अर्थ कळल्याशिवाय हात लावू नये. मजकूर तिथूनच भरला जातो. फाइल ‘यूटीएफ-८’ पद्धतीनेच साठवावी, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतील. वर्डप्रेसमध्ये मूळ थीममध्ये बदल न करता तिची ‘चाइल्ड थीम’ करून तिच्यात बदल करावेत, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जात नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही; दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. अनेक संस्थांची संकेतस्थळे मात्र बनवून देणाऱ्या एकट्या माणसाच्या हाती असतात. तो गाव सोडून गेला, की पत्ता बदलायलाही कोणी उरत नाही. डोमेन संस्थेच्या नावावर हवे, नूतनीकरणाची तारीख कार्यवृत्तात हवी, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे हवेत आणि साचा समजणारे तीन तरुण सभासद तरी तयार हवेत.

शाळेत मराठी मिळावी म्हणून आपण निवेदने देतो, ती देत राहूच. तिथे निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. इथे तो आपल्या हातात आहे. आज घरी गेल्यावर आपापल्या संस्थेच्या पानाचा ‘सोर्स’ उघडा आणि भाषेच्या नोंदीत काय लिहिले आहे ते पाहा. पुढच्या सभेत प्रत्येक शाखेने ते सांगावे, एवढीच विनंती.

जय मराठी!