सेंटर लॉक बिघडलं, तर आधी दाराला कान लावा



आज बचत आणि कर्जाचं बोलणं बाजूला ठेवू. आज बोलूया पिकअपच्या दाराबद्दल. तुम्ही म्हणाल, हे का बायकांचं काम? आम्हीही तेच म्हणायचो.

आपल्या जुन्नर-आंबेगावात कितीतरी गटांचा माल पिकअपनेच जातो. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट, ओतूरला कांदा, मंचरला तरकारी. आमच्या गटानेही कर्ज काढून गाडी घेतली. एकदा माल विकून परतताना पुणे-नाशिक रस्त्यावर चहाला थांबलो. ड्रायव्हरदादाने रिमोट दाबला, टक्कन आवाज आला, आम्ही निर्धास्त. परत आलो तर सीटवरची पिशवी गायब. तिच्यात दिवसभराचे पैसे, पट्ट्या आणि हिशोबाची वही. आवाज आला होता तो फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा. डावं दार लॉक झालंच नव्हतं.

पैसे सगळ्यांनी मिळून भरले. वही मात्र आठवून आठवून लिहावी लागली.

गाडी दाखवली तर सांगितलं, "ताई, सगळा संच बदला." बैठकीत विषय निघाला. आमच्यातल्या एका मावशींचा भाचा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. तो म्हणाला, "मावशी, विहिरीचं पाणी वाफ्यात आलं नाही, तर तुम्ही लगेच पंप बदलता का? आधी पाट कुठे फुटलाय ते बघता ना? हेही तसंच."

त्याने दाखवलं ते असं. बटण दाबलं की बॅटरीची वीज फ्यूजमधून कंट्रोलच्या डबीत येते. तिथून वायरने दारात जाते. दारात एक छोटी मोटर असते. ती दांडी ओढते आणि दांडी लॉक फिरवते. यातली एक कडी तुटली तरी लॉक बंद.

म्हणून पहिलं बघायचं, दोन्ही दारं बंद पडली की एकच? दोन्ही असतील तर रिमोटचा सेल, गाडीची बॅटरी आणि फ्यूज तपासा. फ्यूजवर आकडा असतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. उडाला तर तेवढ्याच आकड्याचा घाला. मोठा फ्यूज किंवा तार घालून काम भागवू नका, वायर तापून गाडी पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट होतेय असं समजा.

एकच दार असेल तर त्याला कान लावा आणि दुसरीला बटण दाबायला सांगा. आतून मोटरचा आवाज येतोय, पण खुंटी हलत नाही? मग दांडी निसटली असेल किंवा लॉकमध्ये धूळ-गंज बसला असेल. आवाजच नाही? मग वीज पोचत नाही किंवा मोटर गेली.

आमच्या दारात आवाज नव्हता. भाच्याने दाराच्या आतलं पॅड काढलं आणि मोटरच्या दोन वायरींना १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला. बटण दाबलं की दिवा क्षणभर लागायला हवा. लॉकला वीज तेवढीच जाते, म्हणून नजर हलवायची नाही. दिवा लागला आणि मोटर गप्प, तर मोटर बदला. आमचा दिवा लागलाच नाही.

मग त्याने बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं-मिटतं, तेवढ्या वेळा तिथली वायर वाकते. वरचं प्लॅस्टिक चांगलं दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. हलकेच ओढली तर तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. आमची तशीच ताणली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून त्याने तुटका भाग कापला, मधे नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. नुसती पिळून टेप मारली तर तिथेच पुन्हा तुटते. पॅड बसवताना आतला प्लॅस्टिकचा कागदही परत चिकटवला, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. खर्च दोन क्रेट टोमॅटोच्या पैशांहूनही कमी. पूर्ण संच घेतला असता तरी तुटकी वायर तशीच राहिली असती!

मैत्रिणींनो, वायर जोडायचं काम जाणत्याकडूनच करून घ्या. पण बिघाड कुठे आहे हे आपल्याला कळलं, तर कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. रात्री-अपरात्री आपलीच एखादी बाई केबिनमध्ये एकटी थांबते, लेकरू मांडीवर असतं. लॉक लागलं पाहिजे, तसंच अडचणीत आतून हाताने उघडलंही पाहिजे. दोन्ही तपासा.

आता आमच्या गटाचा नियम आहे. रिमोट दाबल्यावर दोन्ही दारांचं हँडल ओढून बघायचं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. आणि पैशांची पिशवी सीटवर ठेवायची नाही, खांद्यालाच ठेवायची.

पुढच्या बैठकीला गाडी दारात उभी करा आणि सगळ्याजणी मिळून एकदा तपासा.