अंथरुणावरच्या माणसाचा शब्द

(पनवेल येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सेवेचा महिमा पनवेलकरांना मी सांगावा, हे धाडसाचे होईल. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना आसरा देणारे शांतिवन आपल्याच तालुक्यात, नेरे येथे उभे आहे. म्हणून आज मी सेवा करणाऱ्यांविषयी नव्हे, सेवा घेणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

माझी आई अखेरची तीन वर्षे एका शुश्रूषा केंद्रात होती. दर रविवारी मी जाई, व्यवस्थापकांना विचारी, ‘उत्तम’ हे उत्तर ऐकून निश्चिंत परते. एके दिवशी तिची खाट खिडकीपासून हलवून भिंतीकडे टाकलेली दिसली. तिला कोणी विचारलेही नव्हते. मी तावातावाने तक्रार करायला निघालो, तेव्हा तिने माझा हात धरला. म्हणाली, “नको रे. तू संध्याकाळी जाशील. रात्रीचं पाणी मला यांच्याच हातचं प्यायचंय.”

परावलंबन माणसाचे तोंड कसे बंद करते, हे मला त्या दिवशी उमगले. आणि हेही, की तीन वर्षे मी तिची चौकशी तिच्याखेरीज सर्वांकडे केली होती.

जिला बोलताच येत नाही, तिचे काय? केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना दयामरण द्यावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न न्यायालयापुढे होता. वर्षानुवर्षे त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ-माखू घालणाऱ्या केईएमच्या परिवाराकडे न्यायालयाने तो अधिकार मानला. जो नित्य जवळ असतो, त्यालाच मूक माणसाची भाषा कळते, हा त्या निकालातील बोध मला मोलाचा वाटतो.

हक्काची भाषा आपल्या कुटुंबव्यवस्थेला परकी आहे, असे म्हणणारे भेटतात. प्रत्येकाने कर्तव्य पाळले तर हक्क मागावा लागत नाही, हे खरेच. पण कर्तव्य चुकले तर खाटेवरच्या माणसाने कोणाकडे पाहावे? ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा याच प्रश्नाचे उत्तर देतो. मुले सांभाळत नसतील, तर साठी ओलांडलेली व्यक्ती प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. तिला स्वतःला ते शक्य नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिले आणि पुढे सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. ही माहिती आपल्या इमारतीतील किती आजी-आजोबांना आहे?

परंतु कायदा रोज उशाशी येऊन बसत नाही. तिथे माणूसच लागतो. म्हणून एकच विनंती करतो. आपल्यापैकी प्रत्येक घराने वृद्धाश्रमातील किंवा शेजारच्या घरातील एका दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या व्यक्तीशी नाते जोडावे. फळे वाटून छायाचित्र काढण्यासाठी जाऊ नये. दर आठवड्याला जावे, कोणी जवळ नसताना बोलावे आणि साधे प्रश्न विचारावेत: झोप लागते का? हाक मारली की कोणी येते का? औषध कशाचे आहे, ते सांगितले जाते का? काही सांगायची भीती वाटते का? उत्तर मिळाले, तर त्या व्यक्तीला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. सेवा करणाऱ्यांवर संशय घेण्यासाठी हे नाही; त्यांचाही भार त्यामुळे कळेल.

आईची खाट पुन्हा खिडकीशी आली. मी तक्रार केली नाही. तिच्यासमोर बसून, तिथल्या ताईंना तिच्याकडूनच विचारवले. त्यांनी लगेच हलवली. “आधी सांगायचं नाही का, आजी?” त्या म्हणाल्या. सांगण्याचे बळ यावे, म्हणून शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. आपण ते व्हावे, एवढेच मागणे.