पडलेल्या झाडाची ओळख
(सास्तूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



वैशाखातील वावटळीत शिवारातले एखादे झाड उन्मळून पडते आणि सकाळी त्याभोवती कोयते, कुऱ्हाडी जमतात. आता पुष्कळ घरी गॅस आला आहे. तथापि अंघोळीचे पाणी व भाकरी यांसाठी सरपण लागतेच. ते वेचून आणणाऱ्यांत आपले विद्यार्थी असतात. म्हणून हे झाड कोणते, हा प्रश्न वर्गात येण्यास योग्य आहे.

आपल्या भागात त्यास आणखी एक कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने सास्तूर, किल्लारी व भोवतालची गावे उद्ध्वस्त केली. गावे नव्या जागी वसली. परंतु बांधावरच्या प्रत्येक झाडाचे नाव सांगणारी किती तरी वडीलधारी माणसे त्या रात्री गेली. जे ज्ञान पूर्वी घरात आपोआप मिळे, ते आता शाळेने जाणूनबुजून द्यावयास हवे.

पडलेल्या झाडाची पाने वाळून गळालेली असतात, म्हणून केवळ पानांवर विसंबू नये. खाली शेंगा, फळे, काटे पडलेले असतात. ते आधी पाहावेत. बाभळीचे काटे सरळ, जोडीजोडीने येणारे. शेंग मण्यांच्या माळेसारखी, दाण्यादाण्यागणिक आवळलेली. वेड्या बाभळीलाही काटे असतात, पण तिची शेंग पिवळसर आणि जवळजवळ सलग. दोहोंचेही जळण उत्तम, निखारा टिकणारा. सुबाभळीस काटा नाही, शेंगा चपट्या व तपकिरी. लिंबाची साल चाखून पाहण्याची मुलांना सवय असते. ती मोडावी, कारण चाखणे ही ओळखण्याची रीत नव्हे. त्याची दातेरी, वाकडी पर्णिका व कडवट वास पुरेसा आहे. पांगारा, शेवगा, सावर यांचे लाकूड हातात घेताच हलके लागते. ते भरभर जळून जाते, ओले असल्यास नुसते धुमसते. हलके लाकूड वाईट नव्हे, पण त्यावर स्वयंपाक होईल अशी आशा धरू नये.

आता ज्यासाठी मुख्यतः बोलावयाचे ते सांगतो. फांदी मोडताच पांढरा चीक आला, तर तेथेच थांबावे. वड, पिंपळ, उंबर यांनाही चीक असतो, तेव्हा चीक म्हणजे विष असे नाही. परंतु पिवळ्या कण्हेरीचाही चीक तसाच पांढरा असतो, आणि तिचा प्रत्येक भाग हृदयास घातक आहे. अरुंद, लांब पाने आणि बोजड, कोनदार फळ ही तिची खूण. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेतते. बालाघाटच्या डोंगराकडे बिब्बा आढळतो. त्याचा रस वाळल्यावर काळा पडतो, कातडीवर फोड उठवतो, आणि त्याचा धूरही बाधतो. अशी लाकडे चुलीत घालू नयेत, त्यांच्या काड्यांनी दात घासू नयेत, की त्यांवर कणसे भाजू नयेत. गिरिपुष्पाचे लाकूड सरपणास चालते, पण त्याच्या बिया विषारी. ‘उंदीरमारी’ हे नाव लोकांनी उगीच दिलेले नाही.

जाळून पाहण्याचा मोह मुलांना होतो. अनोळखी लाकडाबाबत तो आवरावा. ओळख पटली तरी ताजे लाकूड फोडून काही महिने वाळवावे. ओल्या लाकडाचा धूर आईच्या डोळ्यांना व छातीला सोसावा लागतो.

प्रत्यक्ष पाठासाठी प्रत्येकाने साल, शेंग वा काटा आणावा व घरच्या आजीआजोबांकडून त्याचे स्थानिक नाव विचारून यावे. दोन घरांतून दोन नावे आली तर दोन्ही लिहून ठेवावीत. विषारी झाडांचे नमुने मात्र शिक्षकांनी स्वतःच आणून दुरून दाखवावेत.

शेवटी, झाड पडले म्हणजे ते कोणाचेच उरले नाही असे समजू नये. आंबा, चिंच, चंदन यांसारखी झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. शेतमालकास विचारावे, आणि झाड सार्वजनिक जागेवरचे असल्यास कुऱ्हाड लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीत वर्दी द्यावी.