मागच्या वेळची गोळी



पावसाळा लागला की औषधांच्या दुकानांपुढे गर्दी होते. घसा धरलाय, नाक गळतंय, अंग कणकणतंय; ‘मागच्या वेळची ती गोळी द्या’ म्हणून लोक मोकळे होतात. ती गोळी पुष्कळदा अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक असते. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि विषाणूंना ही गोळी ढिम्म हलवत नाही. मग ती पोटात जाऊन करते काय?

आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात. सगळ्यांचं मिळून वजन भरेल जेमतेम २०० ग्रॅम. कोंडा, पालेभाज्यांचे तंतू आपल्याला पचत नाहीत. ते हे जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना तोच पोसतो. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम निराळंच आहे. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तशी त्यांनी आतड्यातली जागा धरलेली असते. बाहेरून आलेल्या रोगजंतूला टेकायलाही मिळत नाही.

शिकागोत १९५० च्या दशकात मिलर आणि बोनहॉफ या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवून दिलं. साल्मोनेला जंतूंनी उंदीर आजारी पडायला एरवी लाखभर जंतू पोटात जावे लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस पाजला, तर दहासुद्धा लागेनात! औषधाने उंदीर अशक्त झाला नव्हता. आतड्यातले राखणदार तेवढे गेले होते.

माणसांचं काय? डेन्मार्कमध्ये बारा धडधाकट पुरुषांना चार दिवस तीन जबर प्रतिजैविकं एकत्र दिली. दीड महिन्यात आतड्यातली वस्ती बरीचशी पूर्ववत झाली. मात्र आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. इतका मारा आपल्यावर एरवी कोणी करत नाही, हे खरं. पण आपण वर्षातून किती वेळा गोळ्या घेतो, तेही आठवून पाहा.

या रिकाम्या जागेचा फायदा घेण्यात पटाईत असलेला एक जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. त्याचे बीजाणू अनेकांच्या पोटातून निमूटपणे ये-जा करतात. पित्तातले क्षार त्यांना जागे करतात. उपयुक्त जीवाणू त्याच क्षारांचं रूप बदलून त्या जंतूची वाढ रोखतात. ते जीवाणू मेले की जंतू फोफावतो, विष सोडतो आणि जुलाब सुरू होतात. वृद्धांच्या ते जिवावरही बेतू शकतं. वारंवार उलटणाऱ्या या दुखण्यावर नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण नळीने आतड्यात सोडलं. नाक मुरडू नका! २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाले: सोळांपैकी तेरा रुग्ण एका वेळेतच बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या तेरांपैकी बरे झाले चार.

‘गोळीबरोबर दही खा’ असं घरोघरी सांगतात. दही-ताक जरूर घ्या, ते उत्तम अन्न आहे. त्यातले जीवाणू मात्र बहुधा पाहुणे; मुक्काम न करता निघून जातात. उपयुक्त जीवाणू असलेल्या प्रोबायोटिक कॅप्सूलनी जुलाबांचं प्रमाण कमी होतं, असं काही चाचण्यांत दिसलं आहे. पण २०१८ मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात उलटाच अनुभव आला: कॅप्सूल घेणाऱ्यांच्या मूळच्या जीवाणूंना परतायला अधिक वेळ लागला. तेव्हा या महागड्या कॅप्सूल प्रत्येकाने घ्याव्यात, असं मी तरी म्हणणार नाही.

टायफॉइड, जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया अशा दुखण्यांत प्रतिजैविकं प्राण वाचवतात. तिथे आतड्यातल्या जीवाणूंचं नुकसान पत्करावंच लागतं, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं बंदही करू नये. सर्दीसाठी मात्र हे नुकसान निव्वळ फुकटचं. म्हणून विनंती एवढीच: उरलेली पाकिटं जपून ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका. गोळी चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत पातळ जुलाब सुरू झाले, ताप आला, शौचातून रक्त पडलं, तर जुलाब बांधणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि आधी कोणतं प्रतिजैविक घेतलं होतं, ते त्यांना आवर्जून सांगा.