भयाची कथा आणि तिची किंमत

रायगडाच्या पायथ्याशीं, महाड तालुक्यांत, हिरकणीवाडी नांवाची एक लहानशी वस्ती आहे. १९९६ पासून गडावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचें खालचें ठाणें येथेंच असल्यामुळें हें नांव आतां पुष्कळांच्या ओळखीचें झालें आहे. नांवामागची आख्यायिका तर महाराष्ट्रांतील मुलांस पाठच असते. गडावर दूध विकावयास गेलेली हिरकणी सायंकाळीं दरवाजे बंद झाल्यामुळें वर अडकली, आणि घरीं एकट्या असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीनें काळोखांत कडा उतरून खालीं आली. त्या कड्यावर बुरूज उभा राहिला व त्यास तिचें नांव मिळालें. ही गोष्ट एका अर्थीं भयाचीच आहे. परंतु तींत दुष्ट माणूस एकहि नाहीं, आणि जिच्यावर प्रसंग ओढवला तिचेंच नांव लोकांनीं जतन केलें आहे.

याच मुलखांतून, महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या माणसें पोटासाठीं मुंबईस जात आलीं. त्या मुंबईंत भयाची एक निराळी कथा घडली, आणि तिच्यांत नेमकें उलट झालें. मारणाऱ्याचें नांव राहिलें. मेलेल्यांचीं नांवें लोक विसरले. ती कथा रमण राघवची. तिच्यावरून थोड्या पैशांत हिंदी चित्रपट कसा निघाला, आणि तसा चित्रपट काढणाऱ्यापुढें कोणते प्रश्न उभे राहतात, हें विचार करण्याजोगें आहे.

प्रथम घडलेली हकीकत पाहूं. १९६५-६६ मध्यें मुंबईच्या पूर्वेकडील उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेनें झोपणाऱ्या माणसांवर रात्रीं हल्ले झाले. १९६८ सालीं तेच सत्र पश्चिमेकडील उपनगरांत पुन्हां सुरू झालें. झोंपडींत किंवा उघड्यावर निजलेल्या माणसाच्या डोक्यांत जड वस्तूचा प्रहार करावयाचा, हीच प्रत्येक वेळची रीत. मेलेल्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, मुलेंहि होतीं. गडाला निदान दरवाजा असतो. ह्या लोकांच्या घरांना लावावयास कडीहि नव्हती. सारें शहर हादरून गेलें, आणि वस्त्यावस्त्यांतून माणसें रात्रभर जागून पहारा करूं लागलीं. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजीं पोलीस उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनीं डोंगरी भागांत एका माणसास ओळखून पकडलें. त्याच्याजवळ चष्मा, फण्या, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड व आंकडे लिहिलेले कागद एवढेंच सामान सांपडलें. तपासाचीं सूत्रें रमाकांत कुलकर्णी यांच्या हातीं होतीं. आरोपी प्रथम कांहींच बोलेना. पुढें त्यानें कोंबडीचें जेवण मागितलें, आणि तें मिळाल्यावर चाळीसांहून अधिक खुनांची कबुली दिली.

सत्र न्यायालयानें त्यास फांशीची शिक्षा ठोठावली; परंतु उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें तीन मनोविकारतज्ज्ञांनीं त्याची तपासणी केली. आपण ‘कानून’चे प्रतिनिधि आहोंत असें तो माणूस खरोखरच समजत होता. त्यास बरा न होणारा मनोविकार आहे असा तज्ज्ञांचा निर्णय झाला व फांशीची जन्मठेप झाली. १९९५ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या विकारानें तो मरण पावला.

अशा कथेकडे चित्रपटकारांचें लक्ष न जातें तरच नवल. १९९१ च्या सुमारास, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या श्रीराम राघवन यांनीं तिच्यावर एक लहानसा चित्रपट केला. अनुबोधपट व कथापट यांच्या सीमेवरच्या ह्या कृतींत रघुवीर यादव यांनीं रमण राघवची भूमिका केली. पंचवीस वर्षांनीं, २०१६ सालीं, अनुराग कश्यप यांचा ‘रमण राघव २.०’ आला. मे महिन्यांत तो फ्रान्समधील कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागांत दाखविला गेला आणि २४ जून रोजीं भारतांत प्रदर्शित झाला.

ह्या चित्रपटाच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. कश्यप यांचा मूळ बेत १९६० च्या दशकांतील मुंबई पडद्यावर उभी करण्याचा होता. परंतु त्याआधीं, २०१५ सालीं, त्यांनीं जुन्या मुंबईवरच ‘बॉम्बे व्हेल्वेट’ हा अतिशय खर्चिक चित्रपट काढला होता. त्यासाठीं श्रीलंकेंत रस्तेच्या रस्ते उभारण्यांत आले होते, आणि तो चित्रपट साफ पडला. त्यानंतर जुन्या काळासाठीं पैसा कोण देणार? जुना काळ म्हणजे केवळ जुने कपडे नव्हेत. मोटारी, पाट्या, दिव्यांचे खांब, आगगाडीचे डबे, भिंतींवरील जाहिराती, सर्वच बदलावें लागतें. आणि आजच्या मुंबईचा एक कोपराहि जसाच्या तसा उपयोगीं पडत नाहीं.

तेव्हां त्यांनीं कथाच आजच्या काळांत आणली. खर्च साडेतीन कोटींच्या आसपास झाला, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. हिंदी चित्रपटाच्या मानानें ही रक्कम अल्पच. थोड्या पैशांतला चित्रपट मुख्यतः दिवसांच्या हिशोबावर चालतो. छायाचित्रणाचा प्रत्येक दिवस म्हणजे कामगारांची मजुरी, यंत्रांचें भाडें, जेवणखाण व वाहनें. म्हणून पात्रें थोडीं, जागा खऱ्याच आणि कथेचीं प्रकरणें पाडलेलीं, अशी रचना सोयीची ठरते. गर्दी विकत घ्यावी लागत नाहीं. गल्ल्या, नाले, गंजलेले पत्रे शहर आपणहून पुरवितें. नवाजुद्दीन सिद्दिकी, विकी कौशल ह्यांसारख्या नटांचा अभिनय हेंच अशा चित्रपटाचें भांडवल. मराठी रंगभूमीवरून आलेल्या अमृता सुभाष यांनीं त्यांत खुन्याच्या बहिणीची भूमिका केली आहे. भावाला ओळखणारी, म्हणूनच त्याला भिणारी ही बहीण प्रेक्षकास जितकें अस्वस्थ करते, तितकें दहा मारामाऱ्या करीत नाहींत.

परंतु पैशाच्या टंचाईनें आणखी एक गोष्ट घडविली. जुना काळ हातचा गेल्यावर ‘हीच ती खरी हकीकत’ असा दावाहि करतां येईना. चित्रपटाच्या आरंभींच १९६० च्या दशकांतील रमण राघवचा निर्देश येतो, आणि लागलीच हा चित्रपट त्याच्याविषयीं नाहीं असें सांगितलें जातें. पुढें एकाच नांवाचीं दोन माणसें होतात: रमण्णा नांवाचा खुनी, आणि राघवन नांवाचा, व्यसनाच्या आहारीं गेलेला पोलीस अधिकारी. एकास समाज वेडा म्हणतो, दुसऱ्यास सलाम करतो. रक्त मात्र दोघांच्याहि हातांस लागलेलें आहे. खऱ्या माणसाचें चरित्र सांगावयाचें सोडल्यामुळें दिग्दर्शकास विचारावयाचा प्रश्न सांपडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें एक शंका मात्र उरतेच. खऱ्या खुन्यावरून चित्रपट काढतांना कच्चा माल फुकट मिळतो असें वाटतें. पण तो फुकट नसतो. त्याची किंमत दुसऱ्या कोणीं तरी आधींच दिलेली असते. जे झोपेंत मारले गेले, त्यांची अनुमति कोणीं घेतली नाहीं, आणि त्यांच्या आप्तांना पडद्यावरचें तें नांव पुन्हां वाचावें लागतें. शिवाय न्यायालयानें ज्यास रोगी ठरविलें, त्याला पडद्यावर सैतान केलें कीं प्रत्येक मनोरुग्णाकडे लोक संशयानें पाहूं लागतात. वास्तविक मनोरुग्णांपैकीं फारच थोडे हिंसक असतात. पुष्कळदां तेच दुसऱ्यांच्या हिंसेस बळी पडतात. कश्यपांच्या चित्रपटानें दुसरा प्रश्न निदान उलटून विचारला. पहिल्याचें उत्तर त्यालाहि सांपडलेलें नाहीं, कारण त्याच्याहि नांवांत मारणाराच आहे.

ज्या तरुण चित्रपटकाराजवळ पैसा थोडा आहे, त्यानें ह्यावरून नाउमेद होण्याचें कारण नाहीं. प्रहार दाखविण्यास खर्च येतो; प्रहारापूर्वींची शांतता दाखविण्यास फारसा येत नाहीं. खुन्याच्या डोक्यांत शिरण्याऐवजीं त्या रात्रीं पहाऱ्यास बसलेल्या चार माणसांजवळ कॅमेरा ठेवला, तरी भय तेवढेंच दाटतें. गांवाकडे मनीऑर्डर पाठवून पत्र्याखालीं निजलेला कामकरी, कूस बदलणारी त्याची बायको, दूरवर जाणारी शेवटची गाडी, एवढ्यावर एक उत्कृष्ट चित्रपट उभा राहूं शकेल, आणि त्यास साडेतीन कोटीहि लागणार नाहींत.

प्रेक्षकांचेंहि ह्यांत कांहीं कर्तव्य आहे. घरोघरीं आतां असे चित्रपट पाहिले जातात. तो संपल्यावर घरांतील मंडळींनीं एकमेकांस इतकेंच विचारावें कीं, मेलेल्यांपैकीं एकाचें तरी नांव कोणाच्या ध्यानांत राहिलें काय? उत्तर नकारार्थी आलें, तर तो चित्रपट कितीहि कुशलतेनें केलेला असो, त्याचें काम अर्धेंच झालें असें समजावें. हिरकणीची गोष्ट रचणाऱ्या लोकांजवळ तर पैसा मुळींच नव्हता. तरी कोणाचें नांव बुरुजास द्यावयाचें हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.