बंड्याचे गुडघे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी बोलणार आहे आमच्या बंड्याबद्दल. बंड्या म्हणजे आमचा लॅब्राडॉर कुत्रा. २०११ साली मुलगा कॉलेजात होता तेव्हा त्यानं हे दीड महिन्याचं पिल्लू पिशवीतून घरी आणलं. पुढं नोकरीसाठी तो बंगळुरूला गेला आणि बंड्या आमच्याकडं राहिला. निवृत्त माणसांच्या घरात बरीचशी कुत्री अशीच येतात. ऐकणाऱ्यांपैकी काहीजण आत्ता मान डोलावत असतील!

२०१९ चा ऑगस्ट आम्ही सांगलीकर विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर तळमजल्यावर. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा समोरच्यांनी आम्हाला त्यांच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना खुर्चीत बसवून दोघा मुलांनी उचललं. पण बंड्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी जो बसला तो उठेचना. हे पुढून पट्टा ओढतायत, मी मागून ढकलतेय, दोघंही त्याच्यावर ओरडतोय. 'हट्टी झालाय नुसता, लाडावून ठेवलाय' वगैरे सगळं बोलून झालं. तेवढ्यात खुर्चीतून आई म्हणाल्या, 'अरे, ओरडतोस काय त्याच्यावर? गुडघे धरलेत त्याचे. माझ्यासारखाच उठतो तो. आधी पुढचं अंग उचलायचं, मग थांबायचं, मग मागचा संसार ओढायचा. वर्षभर बघतेय मी.'

शेवटी चादरीची झोळी करून चौघांनी त्याला वर नेलं. बेचाळीस किलोचं धूड ते!

त्या रात्री झोप नव्हतीच. मला एकेक आठवायला लागलं. सकाळी उठल्यावर बंड्या पहिली आठ-दहा पावलं आखडून टाकायचा. मग पाय मोकळे व्हायचे, म्हणून आम्ही सोडून द्यायचो. गाडीत उडी मारणं त्यानं बंद केलं होतं. बेल वाजली की पूर्वी दाराशी धावायचा, आता बसल्या जागेवरून भुंकायचा. पळताना मागचे दोन्ही पाय जुळवून सशासारखे टाकायचा, आणि आम्ही त्याला हसायचो! मागच्या मांड्या बारीक झाल्या होत्या. एकदा शेजारच्या मुलानं त्याच्या कमरेवर हात टेकला तर हा गुरगुरला, आणि मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारलं. या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडं एकच उत्तर होतं. 'वय झालं आता त्याचं.'

श्रोतेहो, कुत्रं दुखलं म्हणून रडत नाही. पाय दाराच्या फटीत सापडला तर ते केकाटेल, पण रोजचं, ठसठसणारं दुखणं ते मुकाट सोसतं. सवयी बदलतं, हालचाल कमी करतं. आणि आपल्याला वाटतं, शहाणं झालं, शांत झालं.

पूर ओसरल्यावर मी आणखी एक चूक केली, आणि मुख्यतः ती सांगण्यासाठीच आज आले आहे. घरात चिखल, दुकानं बंद, बंड्याला तर उठताही येईना. आईंच्या औषधाच्या डब्यात गुडघेदुखीची गोळी होती, डायक्लोफेनॅकची. म्हटलं, आईंना चालते, मग याला अर्धी द्यायला काय हरकत आहे? तीन दिवस दिली. दुसऱ्या दिवशी तो जरा बरा चालला, मी खूश! चौथ्या दिवशी त्यानं अन्न सोडलं, उलट्या केल्या, आणि डांबरासारखी काळीकुट्ट शी केली. पोटात व्रण होऊन रक्त जात होतं.

डॉक्टरांनी चार दिवस सलाइन लावलं, पोटाची औषधं दिली. बंड्या वाचला. डॉक्टर मला म्हणाले, 'तुम्ही प्रेमानं दिलंत हो, पण कुत्र्याच्या पोटात ते विष आहे.' डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या आपल्या घरोघरी असणाऱ्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला मोठी इजा करतात. एकाचं औषध दुसऱ्याला कसं विष होतं याचं उदाहरण म्हणून त्यांनी गिधाडांची गोष्ट सांगितली. जनावरांना दिलेलं हेच डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. म्हणून २००६ साली भारतानं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. आणि मी तीच गोळी घरातल्या डब्यातून काढून कुत्र्याला भरवत होते!

तो सावरल्यावर एक्स-रे काढला. 'गुडघे नव्हेत, खुबे,' डॉक्टर म्हणाले. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींमध्ये खुब्याची वाटी पुष्कळदा वाढीच्या वयात उथळ राहते, आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा. सांधा सैल राहतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, ते झिजतं. सांधा सुजतो, कडेनं हाड वाढतं. दुखतं म्हणून कुत्रं कमी चालतं, कमी चाललं की मांडीचे स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सांध्याचा आधार जातो आणि आणखी दुखतं. शिवाय बसून बसून वजन वाढतं. झिजलेली कूर्चा परत येत नाही. 'हा संधिवात बरा होणार नाही,' डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, 'पण हे चक्र तोडता येतं. त्यातलं निम्मं काम माझं, निम्मं तुमच्या घराचं.'

घराचं पहिलं काम म्हणजे वजन. बेचाळीसवरून तेहतीसवर आणायचं होतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला गेला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री सरासरी तेरा वर्षं जगली, दुसरी सव्वाअकरा. आणि कमी खाणाऱ्यांना संधिवाताचं औषध सुरू करायची वेळ सुमारे तीन वर्षं उशिरा आली. जाड कुत्र्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झाल्याचं नंतर दिसून आलं आहे.

आमच्याकडं अडचण अशी, की बंड्याला जाड करणारा हात सासूबाईंचा होता. जेवताना तो त्यांच्या पाटाशी बसायचा. प्रत्येक जेवणात तूप लावलेल्या दोन पोळ्या टेबलाखालून त्याच्याकडं जायच्या. डॉक्टरांनी हिशेब मांडला. बंड्याला दिवसाला हजार कॅलरी पुरेत, आणि चार पोळ्यांतच चारशेच्या वर जातात. आई म्हणाल्या, 'भुकेल्या जिवाच्या तोंडासमोर मी जेवू? मला नाही जमायचं.' त्यांचंही खरंच होतं. मग आम्ही तोडगा काढला. सकाळी त्याचं दिवसाचं अन्न काट्यावर मोजायचं आणि त्यातलंच वाटीभर आईंच्या ताटाशेजारी ठेवायचं. वर काकडीच्या, गाजराच्या चकत्या. द्यायला आईंचाच हात राहिला, फक्त पोळी गेली. तेहतीसवर यायला आठ महिने लागले. घाईनं उतरवायचंही नसतं.

दुसरं काम फरशीचं. आमच्याकडं चकचकीत टाइल्स. माणसाला छान, पण खुबे दुखणाऱ्या कुत्र्याला म्हणजे तेल सांडलेला रस्ता. पाय फाकतात, घसरतात, आणि मग ते उठायलाच भितं. त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत मी खालून रबर असलेल्या काथ्याच्या पट्ट्या टाकल्या. नुसती सतरंजी टाकू नका, ती त्याच्यासकट सरकते. नखं वेळेवर कापायची, पंजाखालचे केस छाटायचे. झोपायला आईंच्या दोन जुन्या वाकळा एकावर एक शिवून जाड बिछाना केला. अंगणातल्या दोन पायऱ्यांवर सुतारानं काथ्या ठोकलेली उतरती फळी बसवली. आणि जिना चढायचाच असेल तर पोटाखालून पंचा घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागच्या अंगाचा भार आपल्या हातात येतो.

तिसरं म्हणजे चालणं. दुखतं म्हणून बसवून ठेवायचं नाही, आणि एकदम दमवायचंही नाही. सकाळी पाऊण तास न्यायचो, त्याऐवजी दिवसातून चारदा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यानं, त्याच्या चालीनं नेऊ लागलो. दिवाळीत मुलगा आला आणि लाडानं तासभर चेंडू टाकत बसला. चेंडूमागं धावताना कुत्रं एकदम थांबतं, गर्रकन वळतं. सगळा पिळा खुब्यावर. दुसऱ्या दिवशी बंड्या उठला नाही. पोहणं या दुखण्याला फार चांगलं असं डॉक्टर म्हणाले, पण आमच्या कृष्णेत मगरी! तेव्हा तो उपाय आम्ही सोडून दिला. थंडीत आणि पावसाळ्यात मात्र टॉवेलात गुंडाळलेल्या पिशवीनं दहा मिनिटं शेक द्यायचो, आधी स्वतःच्या मनगटावर पाहून. आपल्याकडचे दुखऱ्या जागी चोळायचे बाम लावू नयेत. कुत्रं चाटतं, आणि त्यातलं औषध पोटात जातं.

चौथं औषध, आणि ते डॉक्टरांचं. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामकं आहेत. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही त्यांतली काही. पण आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहे ना ते बघायचं, मधूनमधून पुन्हा तपासायचं, मात्रा डॉक्टरांनी ठरवायची, आणि स्टेरॉइडबरोबर ही औषधं द्यायची नाहीत. भूक गेली, उलटी झाली, शी काळी दिसली तर गोळी थांबवून लगेच फोन. ग्लुकोसामीनच्या महागड्या पुड्याही आम्ही वर्षभर दिल्या. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना त्याचा उपयोग दिसला नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा मात्र दिसला. महिन्यातून एकदा द्यायचं एक नवं इंजेक्शनही निघालं आहे. युरोपात त्याला २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याच्या दुष्परिणामांबद्दल २०२४ अखेर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पशुवैद्यांना सावधही केलं. तेव्हा नवं असो की जुनं, डॉक्टरांना विचारूनच.

एक सूचना मात्र अगदी बिनखर्चाची. दवाखान्यात कुत्रं घाबरून ताठ उभं राहतं, लंगडत नाही. तेव्हा घरी ते उठताना, चालताना मोबाइलवर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांना बंड्या खरा कळला तो त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणातून.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पुन्हा तोच जिना. बंड्या आता दहा वर्षांचा, तेहतीस किलोचा. ह्यांनी पोटाखाली पंचा धरला, मी पुढं थांबले. कुणी ओरडलं नाही. तो एकेक पायरी थांबत, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी वर आला. आई आधीच खुर्चीतून वर पोचल्या होत्या. त्यांच्या पायाशी जाऊन बसला. पाणी वर चढत होतं आणि आम्ही दोघं नवराबायको एका कुत्र्याकडं बघून डोळे पुसत होतो. समोरच्यांना वाटलं, घराच्या काळजीनं रडतायत!

त्यानंतर तो आणखी अडीच वर्षं होता. शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, त्याला आवडणाऱ्या चार गोष्टी लिहून काढा आणि रोज कॅलेंडरवर खूण करा. बंड्याच्या चार गोष्टी म्हणजे जेवण, दारापर्यंत जाणं, दूधवाल्यावर भुंकणं आणि आईंच्या खोलीत झोपणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लागोपाठ नऊ दिवस एकही खूण झाली नाही. औषधंही पुरेनात. दहाव्या दिवशी डॉक्टर घरी आले. बंड्या वाकळेवर होता, डोकं आईंच्या मांडीवर. त्या दिवशी आईंनी त्याला तूप लावलेली पोळी भरवली. अर्धीच खाल्ली त्यानं.

आई आता नव्वदीकडं झुकल्या आहेत. परवा त्यांना उठवताना मी घाई केली तर म्हणाल्या, 'थांब गं. बंड्यासाठी थांबायचीस की.'

तुमच्याकडं सात-आठ वर्षांचं कुत्रं असेल, तर उद्या सकाळी त्याला हाक मारण्याआधी, ते आपणहून कसं उठतं तेवढं फक्त बघा. पहिली दहा पावलं बघा. आणि काही वेगळं दिसलं तर घरातला औषधाचा डबा उघडू नका, डॉक्टरांकडं जा.