पाइप भिंतीबाहेर आणा

मंडळी, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये पाण्यावर बोलायचं तर आधी अवधच्या नवाबाचं, वाजिद अली शाहांचं मटियाबुर्ज, मग 1887 ची बंगाल-नागपूर रेल्वे, तिच्यामागून इथे आलेले नागपूरकर, सगळं यायला हवं. ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मी सरळ भिंतीकडे वळतो. माझा आग्रह एकच आहे: पाण्याचा पाइप भिंतीत गाडू नका.

आधी ओळख. चुंबक चिकटलं तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. नाण्याने खरवडल्यावर मऊ, चकचकीत निघालं तर शिसं, ते लगेच बदला. बाकी बहुतेक प्लास्टिक, आणि त्यावर भारतीय मानकाचा (आयएस) आकडा छापलेला असतो. 4985 म्हणजे थंड पाण्याचा यूपीव्हीसी. 15778 म्हणजे सीपीव्हीसी, तो गरम पाण्यालाही चालतो. 13592 दिसला तर तो सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा. पिण्याच्या पाण्याला तो कुणी जोडला असेल तर काढून टाका. पीव्हीसीमधल्या शिशावर आपल्याकडे नियम आले 2021 साली. त्याआधीच्या पाइपात शिसं असू शकतं, म्हणून सकाळचं पहिलं पाणी बादलीत घ्या आणि झाडलोटीला वापरा.

पण भिंतीत पुरलेल्या पाइपाचा आकडा वाचणार कसा?

माझ्या मावशीने इथेच जुना फ्लॅट घेतला होता. न्हाणीघराच्या भिंतीवर ओल आली. पुट्टी लावली, रंग दिला. पुन्हा ओल. तीनदा रंग झाला. (श्रोत्यांतून: ‘रंगाऱ्याचं भलं झालं!’ हशा.) झालं खरं. मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या: ‘दिदी, छाद थेके जोल पोड़छे.’ त्यांच्या देवघरावरच पाणी ठिबकत होतं. मावशी त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भिंत फोडली, तर गीझरच्या तोंडाशी थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी लावलेला! तो साधारण 45 अंशांपर्यंतचा, आणि गीझरचं पाणी 60 अंशांचं. एल्बो मऊ पडून वाकला होता. पाइपाची किंमत काहीशे रुपये; फरशी, प्लॅस्टर, काकूंचं छत, सगळं मिळून दोन महिने गेले. उघडा असता तर पहिल्या थेंबालाच दिसला असता.

(प्रश्न: ‘उघडा दिसायला वाईट, आणि उन्हात तडकतो.’) उन्हाचं बरोबर आहे. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. बाहेरच्या भिंतीवर त्याला पाण्यात कालवायचा फिकट रंग द्या, ऑइलपेंट नको. दिसण्याचं मात्र मी ऐकणार नाही. ओली भिंत कुठे छान दिसते?

ज्यांची मुलं अमेरिकेत जुनी घरं घेताहेत, त्यांना सांगा: करड्या नळीवर ‘पीबी 2110’ लिहिलेलं असेल तर ते पॉलिब्युटिलीन. क्लोरीनने ते आतून झिजतं. 1995 साली तिथे त्यावरून सुमारे 95 कोटी डॉलरची तडजोड झाली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. जुना पाइप बदलताना तुकड्यातुकड्याने ठिगळं लावू नका, टाकीपासून न्हाणीघरापर्यंत एक ओळ पूर्ण करा. जीआयच्या आट्यांवर प्लास्टिकची जोडणी आवळली तर ती चिरते. तिथे पितळी आट्यांचीच घ्या. नवी ओळ वापरण्याआधी एक दिवस दाबाखाली भरून ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. मी या पाइपांचे तुकडे आणले आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवतो, जाताना हातात घेऊन आकडे वाचा.